पडद्यावरचे पाठभेद

मराठीच्या अध्यापकाने संगणकाच्या ‘ड्रायव्हर’विषयी लिहिणे काहींना नसती उठाठेव वाटेल. तशी ती आहेही. परंतु ज्या कामाविषयी मी लिहिणार आहे ते पाठचिकित्सेच्या इतके जवळचे आहे, की त्याच्या इतिहासाकडे साहित्याच्या विद्यार्थ्यांचे लक्ष वेधावे असे पुष्कळ दिवस मनात होते. निमित्त एका बिघाडाचे आहे. तेव्हा आधी तो बिघाड सांगते.

वसई-विरार पट्ट्यातील एका महाविद्यालयात मी शिकवते. २०१९ साली आमच्या विभागाच्या खोलीत दोन जुने संगणक होते, प्रयोगशाळेतून निवृत्त होऊन आमच्याकडे आलेले. (मराठी विभागाकडे यंत्रे सहसा वानप्रस्थाश्रमातच येतात.) मूळची प्रणाली त्यांना पेलवेनाशी झाली, तेव्हा अर्नाळ्याच्या एका माजी विद्यार्थ्याने त्यांवर लिनक्स बसवून दिले आणि तिथल्या कोळीवाड्यातील शब्दांची एक वही आम्ही त्यांवर टंकित करायला घेतली. डोल, वलांडी, तांडेल असे शब्द, प्रत्येकापुढे अर्थ, कोणाच्या तोंडून ऐकला त्याची नोंद. दिवाळीच्या सुट्टीनंतर यंत्रे पुन्हा सुरू केली, प्रणालीच्या नव्या आवृत्त्या नेहमीप्रमाणे उतरवून घेतल्या, आणि दुसऱ्या दिवशी वहीतल्या ‘कोळी’चा ‘काळा’ झाला. ‘होडी’ची ‘हाडा’ झाली. ‘पोळी’ तर ‘पाळा’ होऊन बसली.

प्रथम वाटले, वही बिघडली. पण तीच वही दुसऱ्या यंत्रावर निर्दोष दिसत होती. छापून घेतली तर कागदावरही शुद्ध. म्हणजे संहिता अबाधित होती. बिघडले होते ते तिचे दर्शन. नीट पाहिल्यावर लक्षात आले, की शिरोरेषेच्या वर जाणाऱ्या उंच चिन्हांचा माथा तेवढा गळतो आहे. ओकाराची मात्रा गेली, की खाली काना उरतो. दीर्घ वेलांटीची कमान गेली, की तिथेही काना उरतो. इंग्रजी अक्षरे एवढी उंच नसल्यामुळे ती सुखरूप होती. दोष ‘ग्राफिक्स ड्रायव्हर’चा आहे, असे त्या विद्यार्थ्याने सांगितले. ग्राफिक्स कार्ड कोणत्या कंपनीचे होते, हे या कथेला महत्त्वाचे नाही.

ड्रायव्हर म्हणजे काय, ते थोडक्यात. पडद्यावरचे चित्र उमटवण्यासाठी संगणकात एक स्वतंत्र चकती असते. प्रत्येक कंपनीची, प्रत्येक पिढीची चकती वेगळी. तिला आज्ञा द्यायची भाषाही वेगळी. प्रणालीने सांगावे ‘इथे हे अक्षर काढ’, आणि ते त्या विशिष्ट चकतीच्या भाषेत तिला कळवावे, हे काम करणारा दुभाषी म्हणजे ड्रायव्हर. अक्षराचे चित्र एकदा तयार करून चकतीच्या स्मृतीत ठेवायचे आणि लागेल तेव्हा तिथून पडद्यावर उतरवायचे, अशी आता रीत आहे. म्हणजे पूर्वी खेळ आणि चित्रपट यांच्यापुरती वाटणारी ही यंत्रणा साध्या लेखनाच्याही वाटेत येऊन उभी राहिली आहे. दुभाष्याने एखादी ओळ गाळली, तर मात्रा गळते.

विंडोजसाठी हे दुभाषी कंपन्या स्वतः लिहून देत. लिनक्सला १९९०च्या दशकात कोणी विचारत नव्हते. पडद्याची व्यवस्था पाहणारी ‘एक्स विंडो’ प्रणाली १९८४ साली एमआयटीत जन्मली. पीसीवर ती आणण्याचे काम ‘एक्सफ्रीएटीसिक्स’ या प्रकल्पाने दशकभर केले. त्रिमितीय चित्रणाची ‘मेसा’ ही मुक्त आज्ञावली ब्रायन पॉल यांनी १९९३ साली फावल्या वेळात लिहायला घेतली आणि १९९५च्या फेब्रुवारीत प्रसिद्ध केली. आज लिनक्सवरील बहुतेक सर्व मुक्त ग्राफिक्स ड्रायव्हर या मेसाच्या छत्राखाली नांदतात. २००४ साली एक्सफ्रीएटीसिक्सच्या परवान्यावरून वाद झाला आणि बहुतेक मंडळी ‘एक्स डॉट ऑर्ग’कडे गेली. त्या भांडणाचा तपशील इथे देत नाही. आपल्याकडील साहित्यसंस्थांची भांडणे ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना तो कल्पनेनेही कळेल.

खरा पेच वेगळाच होता. चकतीची भाषा कंपनीखेरीज कोणालाच माहीत नव्हती. तिचे व्याकरण प्रसिद्ध झालेले नाही, कोश नाही, बोलणारा सांगत नाही. अशा वेळी भाषाशास्त्रज्ञ काय करतो? तो ऐकतो, टिपतो आणि तुलना करतो. ‘नूव्हो’ या प्रकल्पाने एनव्हिडियाच्या चकत्यांबाबत नेमके हेच केले. २००५ साली स्तेफान मार्शसाँ यांनी सुरू केलेल्या या प्रकल्पाने एक छोटी आज्ञावली लोकांना दिली. ती कंपनीच्या बंदिस्त ड्रायव्हरकडून एखादी साधी आकृती काढून घेई आणि त्या वेळी चकतीच्या स्मृतीत काय काय बदलले, त्याची नोंद करी. जगभरच्या लोकांनी आपापल्या चकत्यांच्या अशा नोंदी पाठवल्या. एकच वाक्य शंभर जणांकडून वदवून घ्यावे आणि त्यावरून विभक्तिप्रत्यय ओळखावेत, तसा हा उद्योग. त्यातून तयार झालेला ड्रायव्हर २०१०च्या फेब्रुवारीत लिनक्सच्या गाभ्यात दाखल झाला. एएमडीने मात्र २००७च्या सप्टेंबरपासून आपल्या चकत्यांची माहितीपत्रके प्रसिद्ध करायला सुरुवात केली. इंटेलचे अभियंते आधीपासून मुक्त ड्रायव्हर लिहीत होते. एनव्हिडियाला गाभ्यातील आपला भाग, तोही नव्या चकत्यांपुरता, खुला करायला २०२२चा मे उजाडला.

मुक्त ड्रायव्हरांची आरती ओवाळायला मी बसलेले नाही. नूव्होवर चालणाऱ्या कित्येक चकत्या कंपनीच्या ड्रायव्हरच्या तुलनेत मुंगीच्या पावलाने चालत, कारण त्यांचा वेग वाढवण्याची युक्ती सापडली नव्हती. २०१४नंतरच्या पिढीत तर कंपनीची सही असलेल्या आज्ञावलीशिवाय ती युक्ती वापरताच येईना. पण एका बाबतीत या ड्रायव्हरांचे मोल वादातीत आहे, आणि ती बाब म्हणजे म्हातारपण. २००७च्या सुमारास बाजारात आलेल्या जीफोर्स ८ मालिकेच्या चकत्यांना कंपनीचा लिनक्सवरील आधार २०१९अखेर संपला. नूव्हो त्यांना अजून ओळखतो. २००२ साली आलेल्या रेडिऑन ९७००च्या कुळासाठीचा मेसातील ड्रायव्हर विसाव्या वर्षीही स्वयंसेवकांच्या हातून सुधारला जात होता. ज्या वस्तूतून कोणाला एक पैसाही मिळणार नाही, तिची अशी शुश्रूषा का होते? ज्याच्या घरी ती चकती आहे त्याला संहितेला हात लावण्याची मुभा आहे, म्हणून.

आता परीक्षणाकडे वळू. ड्रायव्हर एकदा लिहून संपत नाही. त्याच्याभोवतीचे सर्व काही बदलत राहते आणि प्रत्येक बदलागणिक कुठेतरी काहीतरी मोडते. म्हणून २००७च्या सुमारास ‘पिगलिट’ नावाचा परीक्षासंच आकाराला आला. त्यातील बहुतेक परीक्षा अगदी लहान असतात: एक त्रिकोण काढायचा, त्यात हिरवा रंग भरायचा आणि ठरावीक बिंदू खरोखर हिरवा झाला का, ते पाहायचे. अशा हजारो. २००९च्या वसंतात फेडोरा या लिनक्स-वितरणाने ‘परीक्षणदिन’ सुरू केले. एक सीडी उतरवून घ्यायची, तीवरून यंत्र चालू करायचे, ठरवून दिलेल्या गोष्टी करून पाहायच्या आणि आपली चकती कोणती, काय झाले, ते तक्त्यात भरायचे. एक दिवस नूव्होसाठी, एक रेडिऑनसाठी, एक इंटेलसाठी. कंपनीच्या प्रयोगशाळेत नसलेली यंत्रे अशा रीतीने घरोघरी तपासली गेली.

पुढे हे काम यंत्रांकडे गेले. आता मेसात कोणी एक ओळ बदलली तरी ती स्वीकारण्यापूर्वी दूरवरच्या खोल्यांतील शेकडो यंत्रे तिची परीक्षा घेतात. त्याचा खर्चही तसाच. २०२०च्या फेब्रुवारीत एक्स डॉट ऑर्ग प्रतिष्ठानला जाहीर करावे लागले, की या सेवेचा खर्च वर्षाला सुमारे ७५ हजार डॉलरवर जाणार असून तो झेपणारा नाही. तपासणे हे लिहिण्याइतकेच महाग असते, हे प्रकाशकांना सांगून थकलेल्या मुद्रितशोधकांना यात नवल वाटणार नाही.

आमचा बिघाड या चाळणीतून निसटला होता. आमच्या पिढीची चकती त्या खोल्यांत बहुधा नव्हतीच. विद्यार्थ्याने तक्रार नोंदवली, पडद्याचे चित्र जोडले. दोन दिवसांनी उत्तर आले: चित्र पाहिले, यात चुकीचे काय आहे?

हे उत्तर मी कधी विसरणार नाही. लिहिणारा सभ्य होता आणि जाणकारही असावा. पण ‘काळा’ आणि ‘कोळी’ यांतील फरक त्याला दिसत नव्हता. दिसण्याचे कारणही नव्हते. त्याच्या दृष्टीने पडद्यावर एक सुबक, अखंड, परकी लिपी होती. लॅटिन अक्षराचा माथा उडाला असता, तर ते अक्षरच मोडले असते आणि कोणाच्याही ध्यानात आले असते. इथे मोडलेले अक्षर हे दुसरे धडधाकट अक्षर होते. हस्तलिखितांचा अभ्यास करणाऱ्यांना हे चांगले ठाऊक आहे: निरर्थक चूक लगेच पकडली जाते, सार्थ चूक शतके टिकते. एरिक रेमंड यांनी १९९७च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात असे प्रतिपादन केले, की पाहणारे डोळे पुरेसे असले की कोणताही दोष लपून राहत नाही. मला त्यात एक पुरवणी जोडावीशी वाटते. त्या डोळ्यांना ती लिपी वाचता आली पाहिजे.

देवनागरी आणि यंत्र यांच्यातील हा तिढा आजचा नव्हे. फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे छापले गेले ते रोमन लिपीत. इथल्या लिपीत छापण्याची त्यांची इच्छा होती. १६०८च्या एका पत्रात त्यांनी तशी विनंतीही केली होती, पण त्यासाठी लागणाऱ्या साच्यांची संख्या सहाशेच्या घरात जात होती. साडेतीनशेहून अधिक वर्षांनी हाच प्रश्न पुण्यात सुटला, आणि तो सुटला एका कार्डाने. आयआयटी कानपूर येथे सुरू झालेले आणि १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकने पुण्यात पुढे नेलेले ‘जिस्ट’ तंत्र म्हणजे संगणकात बसवायचे एक कार्डच होते. ते बसवले, की डॉसच्या पडद्यावर भारतीय लिप्या उमटत. मराठी अक्षर पडद्यावर आले तेच मुळी असे चकतीच्या पाठीवर बसून. त्यामागची ‘इस्की’ ही संकेतप्रणाली १९९१ साली भारतीय मानक झाली, हे त्या मंडळींचे मोठेच उपकार. पण डॉस गेले तसे कार्डही गेले. पुढे जो तो आपापल्या संकेताचे टंक विकू लागला. आमच्या विभागाचा १९९०च्या दशकातील एक शब्दसंग्रह अशाच एका टंकात होता. आज ती फाईल उघडली तर इंग्रजी अक्षरे, टिंबे आणि उद्गारचिन्हे यांची खिचडी दिसते. ज्या बाईंनी तो जमवला, त्या आता हयात नाहीत.

युनिकोडने हा गोंधळ मिटवला खरा, पण संकेत एक झाला तरी रेखाटन करणारे स्तर अनेक राहिले. त्यांतही महाराष्ट्राचा हातभार आहे. विंडोजसोबत येणारा ‘मंगल’ हा टंक र. कृ. जोशी यांचा. चित्रकवितेच्या संदर्भात आपण ज्यांचे नाव घेतो, तेच हे सुलेखनकार. २००८ साली ते निवर्तले. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडवलेले ‘लोहित’ टंक रेड हॅटने २००४ साली मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध केले, आणि पुढे कंपनीच्या पुण्यातील चमूने त्यांची देखभाल केली. मराठी वळणाचे ल आणि श हिंदी वळणापासून वेगळे मिळावेत म्हणून ‘लोहित मराठी’ काही काळ स्वतंत्र टंक होता. नंतर ती वळणे एकाच देवनागरी टंकात सामावली गेली. अक्षरांची जुळणी करणारा ‘हार्फबझ’ तपासण्यासाठी त्याच्या कर्त्याने विकिपीडियावरील शब्द गोळा केले. देवनागरीचे सात लाखांहून अधिक शब्द यंत्राने जुळवले आणि विंडोजच्या जुळणीशी ताडून पाहिले. फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड, लिब्रेऑफिस यांत आज मराठी जोडाक्षरे जुळतात ती याच आज्ञावलीमुळे.

आणि तरीही ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’! समुद्र आणि डोंगरांमधील खोलगट जागा यांत फरक करणारा तो अर्धचंद्राकृती र मराठीचा खास आहे. हिंदी वाचकाला त्याची उणीव भासणार नाही. युनिकोडमध्ये तो दोन मार्गांनी लिहिता येतो: ऱ वापरून, किंवा र्-नंतर डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह घालून. दोन्ही मार्गांनी तेच रूप उमटले पाहिजे. काही जुन्या टंकांत एकाने उमटे, दुसऱ्याने पाय मोडलेला र् तसाच उभा राही. ‘ॲ’ला स्वतःचे स्थान मिळायला तर २००८ साल लागले. या साऱ्या दुरुस्त्या कोणीतरी वाचून, अडून, कळवल्यामुळे झाल्या.

आमची दुरुस्तीही तशीच झाली. विद्यार्थ्याने तीन चित्रे केली: मूळ शब्द, दिसणारा शब्द, आणि गळलेल्या भागाभोवती तांबडे वर्तुळ. मग तिकडून पुढचे काम सांगण्यात आले. निरोगी आवृत्ती आणि बिघडलेली आवृत्ती यांच्यामध्ये सुमारे हजार बदल होते. त्यांतला अपराधी कोणता? लिनस टोर्वाल्ड्स यांनी २००५ साली रचलेल्या ‘गिट’मध्ये यासाठी एक सोय आहे. मधली आवृत्ती घ्यायची. ती निरोगी निघाली तर दोष पुढच्या अर्ध्यात, नाहीतर मागच्या. पुन्हा त्याचा मध्य. हजार बदल दहा फेऱ्यांत संपतात. पोथ्यांच्या वंशावळीत अपपाठ कोणत्या प्रतीपासून शिरला, हे शोधण्याची आपली रीत याहून फारशी निराळी नाही. आपल्याला मधल्या प्रती मिळत नाहीत, एवढेच दुःख.

पाच शनिवार लागले. तो नालासोपाऱ्याला मावशीकडे राहून रात्रभर एकेक आवृत्ती तयार करी आणि सकाळी घेऊन येई. यंत्र सुरू होई, तेच पान उघडले जाई, मी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचत असे. “मॅडम, नुसतं ‘कोळी’ बघा ना, सगळं कशाला वाचता?” असे तो दुसऱ्या शनिवारी म्हणाला. पण सहाव्या फेरीत ‘कोळी’ शुद्ध होता आणि तळाच्या ओळीतील ‘ओहोटी’ अशुद्ध. त्यानंतर तो काही बोलला नाही. मी ‘शुद्ध’ म्हणायचे, तो यंत्राला ‘चांगले’ असे इंग्रजीत सांगायचा. मी ‘अशुद्ध’ म्हणायचे, तो ‘वाईट’ सांगायचा.

दहाव्या फेरीला सापडले. नव्या चकत्यांसाठी केलेल्या एका सुधारणेत, चित्राची उंची मोजण्याचे गणित जुन्या पिढीसाठी चुकले होते. लिहिणाऱ्याची चूक म्हणावी तर त्याच्याकडे ती चकती नव्हतीच. दोन ओळींची दुरुस्ती आठवड्याभरात आली. तिच्याखाली, तिकडच्या प्रथेप्रमाणे, दोष कळवणाऱ्याचे आणि तपासणाऱ्याचे नाव होते. दोन्ही ठिकाणी आमच्या विद्यार्थ्याचे. माझेही घालायला तो निघाला होता. मी संकोचाने नको म्हटले आणि आता वाटते, उगाच म्हटले.

एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि यापुढे कोणी पदरच्या ओव्या तीत घालू नयेत असे बजावले. ड्रायव्हरांच्या जगात उलटे आहे: कोणीही ओवी घालावी, मात्र प्रत्येक ओवीखाली कर्त्याचे नाव, तिथी आणि कारण राहील आणि ती केव्हाही काढता येईल. दोन्हींमागची काळजी एकच, असे मला वाटते. अर्थात इथेही प्रती मागे पडतात. २०२२च्या मार्चमध्ये आलेल्या २२.० या आवृत्तीपासून मेसाने जुन्या पठडीचे काही ड्रायव्हर मुख्य शाखेतून काढून ‘अंबर’ नावाच्या वेगळ्या शाखेत ठेवले. अंबर म्हणजे राळेचा खडा, ज्यात प्राचीन कीटक जसेच्या तसे सापडतात. नाव ठेवणाऱ्याला विनोदबुद्धी असावी. त्या शाखेत नवे काही घडत नाही. पण ती आहे, आणि कोणालाही उघडता येते.

आमच्या दोन यंत्रांपैकी एक २०२१च्या पावसाळ्यात कायमचे बंद पडले. खाडीकाठच्या दमट हवेपुढे कोणाचेच चालत नाही. दुसरे अजून चालते. त्याच्यासाठी मी एक पान केले आहे: कोळी, होडी, ओहोटी, दर्या, दऱ्या, आचार्यांना, आचाऱ्यांना, कुऱ्हाड, ऱ्हस्व, ॲ, आणि र् दोन्ही मार्गांनी. नवी आवृत्ती उतरवली, की आधी ते पान वाचायचे आणि मगच वही उघडायची. विद्यार्थी आता पुण्यात नोकरीला आहे. सुट्टीत आला की विचारतो, पान वाचलंत का? गेल्या महिन्यात वाचले. शुद्ध होते. तळाशी ‘नौऱ्या’ हा शब्द नव्याने घातला आहे. अर्नाळ्याच्या एका आजींनी तो नवऱ्याचा असा उच्चारला होता, आणि वहीत तो तसाच हवा.